तिसरी बाही

रेडिओचं पोट उघडून बसलो होतो,
तेव्हा निशिवाकीबाई दारात छत्री झटकत म्हणाल्या,
'तो सिनेमा घरी बसून कुठे बघता येईल?'
कुठला, ते सांगायची गरज त्यांना वाटली नाही.
मायझुरूत माणसं ऐंशीच्या पुढे गेली की
अर्धं वाक्य रस्त्यातच बोलून येतात.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं:
जुन्या काळचा, तलवारींचा,
पण त्यात बर्फ जमिनीतून वर पडतो,
सरदाराच्या डोक्याजागी झाकलेली परडी असते,
आणि दोन सामुराई विहिरीत उतरून
तीन ऋतू लढतात.
वर गावकरी पाणी भरत राहतात.
'गोष्ट विचारू नका,' त्या म्हणाल्या,
'मी फक्त कपडे शिवले.'

भाचीच्या मुलीनं, मियोरीनं,
फोनवर सगळीकडे शोधून झालं होतं.
महिन्याचे पैसे भरा, हवं ते बघा.
तिथे सामुराई होते ढीगभर,
सगळे शहाणे.
त्यांचा बर्फ वरून खाली पडत होता.

क्योतोला, खिडकी नसलेल्या एका खोलीत
बाईंनी तेव्हा एक किमोनो शिवला होता,
तीन बाह्यांचा.
विचारलं, तिसऱ्या बाहीत हात कुणाचा?
दिग्दर्शक म्हणाला, 'माप तुम्ही घेतलंत,
तुम्हालाच ठाऊक.'
सिनेमा सहा दिवस चालला.
सातव्या दिवशी त्या सुट्टी काढून गेल्या, तर
थिएटरवर भलत्याच कुणाचा चेहरा रंगवत होते.

माझ्या माळ्यावर
बुडालेल्या एका व्हिडिओ लायब्ररीच्या अकरा पेट्या आहेत,
थकलेल्या बिलापोटी मिळालेल्या.
सातव्या पेटीत कॅसेट सापडली.
पाठीवरचं नाव उन्हानं खाल्लेलं,
फितीवर समुद्राच्या दमटपणाची पांढरी बुरशी.
चार रात्री कापसानं पुसत बसलो.
मशीनचा पट्टा काकवीसारखा वितळलेला,
तिथे पातीच्या कांद्याच्या जुडीचं रबर चढवलं.
चाललं.

घरी, पण घरी कुठे?
'पुढच्या खोलीत नको. तिथे ह्यांचा फोटो आहे,
ह्यांना असलं काही चालत नाही.'
शेवटी शिवणाच्या खोलीत,
इस्त्रीच्या टेबलावर टीव्ही.
बाईंनी सुई ओवायचा चष्मा लावला.

बर्फ वर जाऊ लागला
तेव्हा मला वाटलं, फीत उलटी बसली.
त्या हसल्या.
पाऊण तासानं तो किमोनो आला,
रिकाम्या घाटावर एकटा उभा,
आणि तिसरी बाही हळूहळू वर उठली,
कुणी दिवा मालवायला हात लांबवावा तशी,
आणि तशीच राहिली.

मी चित्र थांबवलं.
बाई काचेला नाक लागेपर्यंत पुढे सरकल्या.
मला वाटलं, आता सांगतील, हात कुणाचा.
'काखेत टाका सुटलाय,' त्या म्हणाल्या.
'पन्नास वर्षं तसाच.'
मग, 'थोडं मागे घ्या.'
आणि परत मागे.
दर फेरीला बुरशी पडद्याचा एक कोपरा नेत होती,
ते मी बोललो नाही.

निघताना त्यांनी माझी लोंबती गुंडी पाहिली
आणि कोट ठेवूनच घेतला.
बाहेर बर्फ सुरू झाला होता.
कुठून पडतोय ते बघायला
पुलापाशी बराच वेळ थांबलो,
नुसत्या स्वेटरवर.