नमुना

देवपुरात, नाला पांझरेत शिरायच्या आधी
काही विसरल्यासारखा जिथे मागे वळतो,
तिथे रात्रभर तासातासाला आम्ही बाटली भरतो.
सुपडूअण्णा दोर सोडतात. मी वेळ लिहितो.
तीन दहा. चार दहा.
पाचनंतर पाणी चढतं,
धुळं उठल्याचं आम्हाला आधी कळतं.

बर्फाचा डबा बघून एकानं गाडी थांबवली परवा,
"मासळी काय भाव?"
अण्णा म्हणाले, संपली.

पाणी गाळलं की वर राहतं
भरताचं तेल, साबण,
कुणाच्या तरी हळदीचा पिवळा.
खाली उतरलेलं यंत्र वाचतं:
खोकल्याचं औषध, खोकला नसलेल्यांचं.
झोपेची गोळी, दिवसा घेतलेली.
हजार माणसांमागे इतके मिलिग्रॅम.
शनिवारी जास्त.
कानबाईच्या रोटांना कमी,
त्या दिवशी बहुतेक सगळे घरी जेवतात.

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"गल्ली सांगा."
मग, "घर सांगा."
म्हटलं, साहेब, एका बाटलीत सहा हजार माणसं आहेत.
"म्हणजे कुणीच नाही," म्हणाले,
आणि चहा मागवला.

अण्णांना सांगितलं हे.
ते हात धूत होते, कोपरापर्यंत, तिसऱ्यांदा.
"पानीले सम्दं मालूम ऱ्हास, भाऊ.
पन ते कोनं नाव लेत नही."
मग दोर गुंडाळता गुंडाळता,
माझ्याकडे न बघता,
"मना धाकला बी तठेच ऱ्हास."

मी वेळ लिहिली.
एक दहा.
तेव्हा एक वाजून पंचवीस झाले होते.

लहानपणी शिरपूरची मावशी मला नमुना म्हणायची,
काय नमुना आहे हा पोरगा, सुधरायचा नाही.
खोली माझी पुलाच्या अलीकडेच, याच नाल्यावर.
रात्री जागायचं म्हणून दिवसा अर्धी गोळी,
आता अर्धीची एक झाली.
चिठ्ठी संपून वर्ष होईल.
मेडिकलवाला विचारत नाही काही,
तोही पाण्यासारखाच.

आज साडेआठला उठलो, मोरीत गेलो,
साखळी ओढली, निघालो.
नऊ दहाला अण्णांनी पहिली बाटली वर घेतली.
हातात जरा कोमट लागली.

लेबल चिकटवलं. नमुना क्रमांक एक.
ठिकाण, तारीख, वेळ.
आणि नावाच्या रकान्यात, नेहमीसारखं,
माझं.