एक फुल, एक हाफ

डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय.
जालन्यात, एप्रिलात, बेचाळीस डिग्रीला
माझ्या अंगात तेवढंच काय ते गार.

एकोणीस वर्षं जालना-अंबड-घनसावंगी.
डाव्या खांद्यावर चिल्लरची बॅग,
उजव्या हातात तिकिटाचं मशीन.
सहा महिने झाले, बेलची दोरी हाताला येत नाही.
कुणाला तरी सांगते, "दादा, ओढा की जरा,"
आणि गाडी दुसऱ्याच्या हातानं सुटते.

"वजन उचला रोज, थोडं थोडं."
मी म्हणाले, साहेब, खाली कधी ठेवलंय?
ते हसले. चिठ्ठीवर लिहिलं, डम्बेल्स.

जिमची फी महिना बाराशे,
बायकांची बॅच अकरा ते एक.
अकरा ते एक मी तीर्थपुरीच्या फाट्यावर
कुणाचे तरी दोन रुपये शोधत असते.

तर मग पाठकोऱ्या कागदावर हिशोब.
मोंढ्यामागं मुनीरभाईचं भंगार.
हे सळयांचं गाव,
इथं वजन वजनावरच मिळतं,
पाच किलोचे पैसे पाच किलोचेच,
वर चकाकीचे वेगळे लागत नाहीत.
ट्रॅक्टरचा दात झिजलेला गिअर,
हातभर सळईचे दोन तुकडे.
"काय बनवायलाव बाई, गाडा का?"
"खांदा," म्हणाले.
त्यानं काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि एक लोखंडी कडी वरून टाकली,
हिशोबात न धरता.

सिमेंट समोरच्या बांधकामावरचं,
गवंड्याला दोन चहा देऊन.
रंगाचे दोन रिकामे डबे, मधोमध सळई.
पहिला काठोकाठ भरला
आणि मसाला संपला.
दुसरा अर्ध्यावरच राहिला.
सात दिवस पाणी मारा म्हणाला गवंडी,
नळाची पाळी नवव्या दिवशी.
तांदूळ धुतलेलं पाणी गवती चहाला जायचं,
ते डब्यांना घातलं.
गवती चहा आठवडाभर माझ्यावर रुसलेला.

किराणावाल्याच्या काट्यावर निघालं,
एक सव्वापाच, एक पावणेतीन.
मी नावं ठेवली, फुल आणि हाफ.

गच्चीवर पोतं अंथरलं, पहाटे पाच.
सुयशनं मोबाइल दाखवला,
"आई, बघ, भिंतभर आरसे असतात."
आरसा कशाला, पाण्याच्या टाकीवर सावली पडते की.
सावलीला पोट दिसत नाही,
वय तर नाहीच नाही.

मे महिन्यात सासूबाईंनी हाफ नेला
लोणच्याच्या कैऱ्या दाबायला.
"तुझं काय, आठ दिवस एकाच हातानं कर."
अजून त्याला हळदीचा वास आहे.
शेजारच्या शेवंताबाई जिन्यातून डोकावल्या,
"कामून करायलीस गं हे, या वयात?"
मी फुल त्यांच्या हातात दिला.
दुसऱ्या दिवशी त्या
फरशीचा तुकडा घेऊन आल्या, पदराखाली झाकून.

नळ आला त्या दिवशी व्यायाम बुडाला.
चौदा कळशा, बावीस पायऱ्या, चौदा वेळा.
सुयश म्हणाला, "आज सुट्टी का?"
काही बोलले नाही.
रात्री त्याच पाठकोऱ्या कागदावर
तारखेपुढं मांडलं, चौदा गुणिले बावीस.
एवढी वर्षं हे कोणत्याच खात्यात धरलं नव्हतं.

एकूण खर्च चारशे तीस.
चहा धरून.

परवा वडीगोद्रीच्या स्टॉपवर
एक म्हातारी चढली, दोन पिशव्या, एक कोंबडी.
बसली. कोंबडीही बसली.
मी मशीन काखेत धरलं
आणि डावा हात वर गेला.
न सांगता गेला, अर्ध्यात थांबला,
खांद्यात काहीतरी कुरकुरलं, जुन्या दारासारखं,
मग दोरी लागली बोटांना,
तेलकट, गरम, एवढी ओळखीची.

टण् टण्.

खंडागळे ड्रायव्हरनं आरशात बघितलं,
बराच वेळ बघितलं.
मग गिअर टाकला.
म्हातारी म्हणाली, "बाई, माझं हाफ आहे बरं का."