अपूर्ण भूतकाळ

मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा दहा,
याकिमाचं कॉलेज, खोली एकशे चौदा.
स्पॅनिश, इंटरमिजिएट.
म्हणजे भाव विचारता येतो,
उत्तर आलं की माणूस गडबडतो.

शेजारी किप हाल्व्हर्सन, एकोणीस वर्षांचा,
त्याला फक्त क्रेडिट हवेत.
पुढे येसेनिया. नाव स्पॅनिश, आडनाव स्पॅनिश,
जीभ माझ्याइतकीच लाकडी.
घरी मुद्दामच शिकवलं नाही, म्हणते,
आणि वही हाताने झाकून लिहिते.
मी त्रेपन्न. डब्यात अर्धं सँडविच राखलेलं,
अकराला ड्यूटी असते.

प्राध्यापिका किन्योनेस फळ्यावर दोन रकाने आखतात.
वडील त्यांचे सफरचंदांच्या शेडमध्ये बावीस वर्षं,
त्यामुळे व्याकरणही तिथूनच येतं:
हा भूतकाळ म्हणजे खिळे ठोकलेली पेटी.
लेबल लागलं, ट्रकवर चढली, गेली.
आणि हा दुसरा, अपूर्ण, हा पट्टा.
फळं येतायत, येतायत,
कुठून निघाली दिसत नाही,
कुठं पडतात तेही नाही.

उदाहरणादाखल लिहितात: रेस्पिराबा.
श्वास घेत होता.

खडू पुढे जातो.
मी तिथेच.

मी इमर्जन्सीचे फोन घेते.
दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, पहाटेचे चार,
हॉप्सच्या मळ्यांकडचा रस्ता, बाईचा आवाज:
रेस्पिराबा, रेस्पिराबा.
मला तेव्हा शंभरेक शब्द येत. त्यात रेस्पिरा होता.
श्वास घेतो.
पडद्यावरच्या चौकटीत मी खूण केली: होय.
शेवटचा तो एवढासा बा
मी हुंदका समजले.

दुभाषा लाइनवर यायला एक्केचाळीस सेकंद.
मग मी सांगितलं, छातीच्या मधोमध, जोरात, मोजत.
ती मोजत राहिली. उनो, दोस, त्रेस.
मग दार. बुटांचे आवाज.
कुणीतरी फोन उचलून ठेवला.
आम्हाला एवढंच मिळतं.
शेवट दुसऱ्या खात्याकडे जातो.

या आठवड्याचा निबंध: घडून गेलेला एखादा प्रसंग, दीडशे शब्द.
मी तोच लिहिला. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं ‘एल सेन्योर’.
वही परत आली. रेस्पिराबाखाली लाल रेघ,
समासात बारीक अक्षर:
क्रिया संपली असेल तर पहिला भूतकाळ हवा. संपली का?

तास सुटल्यावर टेबलाशी गेले.
मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, नो से.
ठाऊक नाही. कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
लिंगाच्या दोन चुका केल्या. त्यांनी सुधारल्या नाहीत.
चष्मा काढून निबंध पुन्हा वाचला,
बाविसाचे तेवीस केले.
मग विचारलं, कुठला रस्ता?
मी सांगितला.
“आ,” म्हणाल्या,
आणि फळा पुसायला वळल्या. तो पुसून झालेलाच होता.

बाहेर किपने दार धरलं होतं.
परीक्षा गुरुवारीच ना? मी म्हटलं, सी.
गाडीत बसून उरलेलं सँडविच खाल्लं
आणि धडा सातची क्रियापदं म्हटली.
आब्लाबा. त्राबाहाबा. एस्पेराबा:
वाट पाहत होते. आशा करत होते, हेही त्यातच.
पुस्तकात खाली टीप आहे,
की या काळात ‘मी’ला आणि ‘ती’ला
रूप एकच.
घोटाळा होत असेल तर कर्ता लिहावा.

दहा पन्नास. आणखी सात मिनिटं होती.
मी कर्ता लिहिला नाही.