फानी

ओल्डहॅमचं इस्पितळ, खाट चौदा.
आफ्तारुन नेसा, वय एक्क्याऐंशी.
शाळेच्या फाटकापाशी, बसथांब्यावर
शब्द-शब्द जमवलेलं इंग्रजी
शेवटी आलं, म्हणून आधी गेलं.
उरली सिल्हेटची बोली, तीही अर्धीमुर्धी.

"फानी," ती म्हणते. "फानी."
नर्स हसते, "फनी? मलाही सांगा की गंमत!"
वाईट नाही ती. बारा तासांची पाळी,
आणि दुभाष्याचा फोन कायम एंगेज.

तक्त्यावर : जेवत नाही. हात झटकते.
रात्री ओरडते. झोपेची गोळी द्यावी.
वेदनेच्या रकान्यात शून्य.

शेजारी डोरीन.
तीही मुलाला नवरा समजते,
पण इंग्रजीत विसरते.
तिला विचारतात, दुखतंय का कुठे,
चहात साखर किती.

तिसऱ्या पहाटे फरशी पुसता पुसता
खसरू मिया थबकला.
बादली तिथेच ठेवून
त्यानं पेला तिच्या ओठांना लावला.
हे त्याच्या कामात बसत नाही.
ती प्यायली, घोटागणिक थांबत,
पेल्यावरची त्याची बोटं घट्ट धरून.

सकाळी तक्त्यावर नवी ओळ :
आज शांत आहे.
गोळी लागू पडली.