पाचवा पाय

तीस वर्षं मी भोकं पाडतोय.
आलेखाच्या कागदावर चौकट रंगलेली दिसली
की पुठ्ठ्यावर त्या जागी भोक.
भोक असलं की सुई आत जाते, धागा वर उठतो;
नसलं की खालीच राहतो.
जकार्डाला एवढंच कळतं.
पूर्वभागातल्या कितीतरी मागांवरचे मोर
माझ्या हातचे आहेत,
एकाचीही चोच कधी चुकली नाही.

हत्ती मात्र साईचरणचा.
अठरा पुरी नव्हती, म्हणून मुलांच्या वॉर्डात होता,
पाय कॉटच्या बाहेर यायचे त्याचे.
उजव्या हाताला सुई,
म्हणून डाव्या हातानं, माझ्याच आलेखवहीत काढला.
सोंड बरी. शेपूट बरी. पाय मोजले तर पाच.
पाचवा जरा बारीक, वर वळलेला.
"पाच झाले रे."
"मोजू नका, नायना. विणा."

विणायला उशीर झाला.
आधी बोमड्याल शेठचा दिवाळीचा माल,
मग प्लेटलेट, रक्तपेढी, रात्रीच्या रिक्षा,
मग गड्डा भरला. लांबून पाळण्यांचे दिवे दिसायचे,
तो म्हणाला, पडदा ओढा.
संक्रांतीनंतरच्या सोमवारी
ती कॉट दुसऱ्याला मिळाली.

त्याची आई विड्या वळायची.
डॉक्टरांना तिनं एकदाच विचारलं.
ते म्हणाले, छे, याचा त्याचा काही संबंध नाही.
तिनं मान डोलावली,
घरी आली,
आणि सूप उलटं करून कोपऱ्यात ठेवलं.
ते अजून तसंच आहे.
आता त्याच कात्रीनं ती टॉवेलचे दोरे कापते.

रविवारी माग रिकामा असतो.
शेठ उरलेलं सूत देतात, विजेचं बिल धरत नाहीत,
फक्त पहिल्या दिवशी म्हणाले,
"मास्तर, पाच पायांचा हत्ती म्हणजे सेकंडचा माल."
म्हटलं, हो. सेकंडचाच.
पुठ्ठा मात्र दुरुस्त केला नाही.

आपला टॉवेल नवा असताना टोचतो, सगळ्यांना माहीत आहे.
या मुलांच्या अंगाला चादरीची घडीसुद्धा लागते.
म्हणून तीनदा धुतो, गच्चीवर वाळवतो,
सोलापूरचं ऊन तासाभरात कडक करतं,
मग ती मांडीवर घेऊन चोळत बसते
मऊ होईपर्यंत.
लहान टॉवेल वॉर्डात देतो.
मोठे विकतो, त्यातून करमाळ्याच्या, सांगोल्याच्या आईबापांचं
एसटीचं भाडं निघतं. कधी निघत नाही.
देताना नाव सांगत नाही त्याचं.
सिस्टर सांगते. मी तोवर जिन्याशी जाऊन उभा राहतो.

परवा वळसंगची शिवलीला,
वय सात, डोक्यावर एक केस नाही,
टॉवेल पसरून बराच वेळ बघत होती.
मुलं मोजतातच, मला सवय आहे.
म्हटलं, "पाच आहेत ना पाय? चुकलंय ते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की एवढा मोठा माणूस, आणि काही म्हणजे काही कळत नाही.
"पाय नाही काका तो.
नळी आहे. सलाईनची."
आणि स्वतःची नळी उचलून दाखवली.

दोन वर्षं.
चौकट न् चौकट मी मोजली होती,
भोक न् भोक माझ्या हातानं पाडलं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं,
"मग बाटली कुठाय?"

तिनं नळीच्या टोकावरून बोट फिरवलं,
टॉवेलच्या काठापर्यंत नेलं.
"काढली की.
निघालाय तो घरी."

टॉवेल गालाखाली घेऊन ती झोपली.
मी पिशवीतले उरलेले अकरा
पुन्हा घडी घातले,
आधीच घडी घातलेले.