मुसाकाजीला, रात्रीपुरते

दीपगृह मागे पडलं तसा समुद्र एकदम
आवाज खाली आणून बोलू लागला.
शीड उतरवलं. उरलेल्या वेगावर
होडी आत सरकत राहिली.

हुसैन तांडेल सांगायचे:
दर्ग्याची भिंत वडाआड गेली की सोड नांगर.
चार वाव पाणी, खाली चिखल,
एकदा धरला की बापालाही सोडायचा नाही.

"वड दिसला की ओरड," मी म्हटलं.
नाळेवर त्यांचा नातू, अर्शद.
"कुठला वड? तो तर वादळात गेला,
दोन वर्षं झाली."

मग नसलेल्या वडामागे
भिंत लपेपर्यंत थांबलो
आणि नांगर सोडला.
दोर हातातून सरसरत गेला, थांबला.
होडीने मान खाली घातली.

नंतर भात, सुकटीची चटणी,
काठावर कुणाचा तरी रेडिओ,
आणि दोरावर बोट ठेवून झोपणं.
नांगर तळाला खरवडू लागला
तर आधी बोटाला कळतं.

दोनच्या सुमारास ओहोटी लागली.
समुद्राकडे तोंड करून निजलेली होडी
कूस बदलून गावाकडे वळली,
तिच्याबरोबर सगळे तारे.
अर्शद काही उठला नाही.

पहाटे मतलई वारा सुटला.
नांगर वर आला काळ्या चिखलाने माखून,
लगेच धुवावासा वाटेना.
अर्शद एक डोळा मिटून काठाकडे बघत होता.
"वडाच्या जागी मी तो निळा पत्रा धरलाय.
बरोबर येतोय."
"चालेल," मी म्हटलं,
"गंजेपर्यंत."