पाचव्या दिवसाचं पाणी

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री, अडीच-पावणेतीनला.
आधी नळ नुसतीच हवा सोडतो, खोकतो,
मग मल्लम्मा कोंडा ओरडते, नीळ्ळू! नीळ्ळू!
आणि सगळी गल्ली झोपेतच पाइप जोडत सुटते.

शांतवन रणभिसे उठला नाही त्या रात्री.
भिंतीपलीकडं त्याचं रिकामं पिंप
मला ऐकू येत होतं.
ज्याचं वाईट व्हावं असं अकरा वर्षं मनात घोळवलं,
त्याच्या घरातलं सगळं ऐकू येतं.

चादरीच्या कारखान्यात बारा किलो सूत कमी भरलं
तेव्हा शांतवन मालकापुढं म्हणाला,
हनोखनं नेलं, मी पाहिलं.
चार शब्द.
माझ्या नवऱ्याला मागावरून उठवलं,
हप्त्याचा हिशोब करून हातावर ठेवला.
मग तो घरात बसून
उजवा हात नुसताच हलवायचा,
समोर धोटा असल्यासारखा.
दोन उन्हाळे काढले त्यानं. तिसरा नाही.
सूत पुढं सापडलं, मुकादमाच्या भाच्याकडं.
शांतवन तेव्हाही बोलला नाही.

रविवारी आम्ही एकाच चर्चात.
तो पुरुषांकडं, तिसऱ्या बाकावर,
मी बायकांत, पंख्याखाली.
प्रार्थनेत ऋणाची ओळ आली की
मी तोंड मिटते, पदराची कड चाचपत बसते.
देवाला खोटं कशाला सांगायचं?
पाळक घरी आले एकदा. म्हणाले, रिबकाबाई,
कितीदा क्षमा करावी याला प्रभूनं मोजमाप ठेवलं नाही.
मी म्हटलं, साहेब, मी बिड्या वळते,
हजाराचा हिशोब मला येतो,
पहिली एक कशी करायची तेवढं सांगा.
ते गप्प झाले.
चांगला माणूस आहे. चहा पूर्ण पिऊन गेले.

तर त्या रात्री धार करंगळीएवढी.
माझं पिंप भरलं, घागरी, कळशी, कुकरसुद्धा.
पलीकडं खोकला नव्हता.
कापसाची धूळ त्याच्या छातीत आहे, रात्रभर खोकतो,
मुलगा पुण्याला, विचारणारं कुणी नाही.
मला भीती वाटली.
मग भीती वाटली म्हणून राग आला.

मी पाइप ओढला त्याच्या दाराकडं.
क्षमा म्हणून नाही, हे लिहून ठेवा.
मे महिन्यात सोलापुरात पाणी वाया घालवू नये म्हणून.
पिंपावर झाकणाऐवजी जुनी चादर होती,
मोराची, विटलेली.
मोराच्या पायाशी हिरव्याच्या जागी
चार बोटं पिवळं सूत.
ते पिवळं मी ओळखलं.
हिरवं संपलं की हनोख पिवळं जोडायचा,
मालक ओरडायचा, नापास माल
कामगारांत स्वस्तात जायचा.
एवढी वर्षं कुणी सांभाळलंय हे, आणि कशासाठी?
पाणी माझ्या चपलेत शिरत होतं.
आत तो खोकला.

पिंप काठापर्यंत भरलं मी.
चादर झटकली, पुन्हा घातली, पिवळं आत करून.

सकाळी तो दारात, हातात लोटा.
"पाणी कुणी भरलं ओ, रिबका?"
अकरा वर्षांनी त्याच्या तोंडात माझं नाव.
"पाइप गळतोय माझा," मी म्हटलं.
तो पाइपाकडं बघत राहिला.
उन्हात वाळून कडक झाला होता पाइप.
मग म्हणाला, माझ्याकडं न बघता,
"मी काही पाहिलं नव्हतं त्या दिवशी."

मला कितीतरी बोलायचं होतं, तयार होतं,
पाठ होतं.
"पिंपाला नीट झाकण आणा," मी म्हटलं,
"डास होतात."

रविवारी ऋणाच्या ओळीला
मी तोंड उघडलं.
आवाज आला नाही, नुसती हवा.
नळाचंही आधी तसंच असतं.